हवामानबदलात प्रजाती दुसऱ्या जागी हलवायची असेल तर

हवामान तापू लागले की अनेक प्रजाती पिढ्यान्‌पिढ्या थोड्याथोड्या सरकत थंड प्रदेशाकडे किंवा डोंगरावर वर जातात. ज्यांची चाल मंद आहे, किंवा ज्यांच्या वाटेत शहरे, रस्ते आणि शेते आली आहेत, त्यांना मात्र हे जमत नाही. अशा प्रजातीला तिच्या आजवरच्या क्षेत्राबाहेर, पण पुढेही तिला मानवेल अशा ठिकाणी नेऊन वसवता येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने (आययूसीएन) २०१३ मध्ये अशा स्थलांतरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. हा शेवटचा उपाय आहे आणि त्यातले बहुतेक काम प्राणी किंवा रोप जागचे हलण्याआधीच करायचे असते.

सर्वप्रथम मूळ जागी नेमके काय बिघडले आहे ते ठरवावे. शिकार, अतिचराई, भटकी कुत्री किंवा पाण्याचा उपसा ही कारणे असतील, तर ती तेथेच दूर करावीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थजवळच्या 'वेस्टर्न स्वॅम्प टॉर्टॉइज' या छोट्या कासवाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस न पडलेले हे कासव १९५३ मध्ये पुन्हा सापडले. त्याच्यासाठी राखीव क्षेत्रे झाली, कोल्ह्यांना अडवणारी कुंपणे उभी राहिली आणि पर्थच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदासही सुरू झाली. परंतु १९७० च्या दशकापासून त्या प्रदेशातला हिवाळी पाऊस घटत गेला आणि त्यावर स्थानिक पातळीवर इलाज नव्हता. इतके झाल्यावरच स्थलांतराचा विचार रास्त ठरतो.

त्यानंतर प्रजातीच्या जीवनक्रमातला सर्वांत नाजूक टप्पा शोधावा. हे कासव फक्त पाण्यातच खाते. बेडकांची पिल्ले, कीटकांच्या अळ्या आणि बारीक कवचधारी जीव हा त्याचा आहार. पाणथळ हिवाळ्यात भरते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटते. मग पुढचा पाऊस येईपर्यंत ते बिळात किंवा पाचोळ्याखाली निपचित पडून राहते. पाणी असलेल्या त्या थोड्या महिन्यांत पिल्लू पुरेसे वाढले नाही, तर पहिला उन्हाळाच त्याला पार पडत नाही. म्हणून संशोधकांनी केवळ तापमानाचे नकाशे न पाहता, पाणी किती काळ टिकेल आणि त्या पाण्यात कासवाला खाण्याइतकी ऊब मिळेल का, या दोन्हींचे गणित एकत्र मांडले. दक्षिणेकडे पाऊस अधिक आहे, पण पाणीही अधिक थंड आहे, आणि सारा पेच तेथेच होता. आपल्या प्रजातीचा असा टप्पा हाती आला की नवी जागा सरासरी वर्षावरून न पारखता सर्वांत वाईट वर्षावरून पारखावी.

नव्या जागेत आधीपासून राहणाऱ्या जीवांचा विचार, माझ्या मते, सर्वाधिक वेळ देऊन करावा. शोभेसाठी आणलेली घाणेरी आपल्या जंगलांत कशी पसरली आणि डासांवर उपाय म्हणून सोडलेला गंबुशिया मासा बेडकांची पिल्लेही कशी खातो, हे आपण पाहतोच. नवी प्रजाती तेथे काय खाईल, कोणाशी स्पर्धा करेल, जवळच्या नातलग प्रजातीशी तिचा संकर होईल का आणि ती त्या जागेबाहेर पसरू शकेल का, या प्रश्नांची उत्तरे लेखी मांडून त्या गटाच्या जाणकारांकडून तपासून घ्यावीत. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर तर फारच जपून पाऊल टाकावे, कारण तेथे बोटभर मातीत अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती दाटीने वाढतात. परवानगीशिवाय काहीही हलवू नये. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे; शिवाय गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तेथे गुरे चारणारी माणसे यांच्याशी आधीच बोलणे झालेले असावे.

मूळ ठिकाणची संख्या आधीच तोकडी असते, तेव्हा तिला हात न लावता पैदास केंद्रातील पिल्ले किंवा रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपे घ्यावीत. ती एकाच जोडीची किंवा एकाच झाडाची नसावीत. रोग बरोबर जाऊ नये म्हणून प्राणी विलग ठेवून त्यांची तपासणी करावी. उभयचरांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी वरवर निरोगी दिसणाऱ्या बेडकातूनही पसरते.

पहिली खेप लहान ठेवावी. कासवांच्या बाबतीत २०१६ मध्ये पर्थच्या सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेला दोन पाणथळ जागी मिळून २४ पिल्ले, कवचावर ट्रान्समीटर बसवून, प्रयोग म्हणून सोडण्यात आली. इंग्लंडमध्येही १९९९-२००० मध्ये 'मार्बल्ड व्हाइट' आणि 'स्मॉल स्किपर' ही फुलपाखरे त्यांच्या क्षेत्राच्या उत्तर सीमेपलीकडे जुन्या दगडखाणींत सोडली गेली आणि ती तेथे टिकून वाढली. सोडण्यापूर्वीच दोन मर्यादा ठरवाव्यात: किती मृत्यू झाले म्हणजे प्रयोग थांबवायचा, आणि तेथल्या कोणत्या जीवाची संख्या किती घटली म्हणजे सोडलेले प्राणी परत आणायचे. परत पकडणे शक्यच नसेल अशी प्रजाती हलवण्याच्या फंदात पडू नये. देखरेखीचा निधीही प्रजातीच्या आयुर्मानाच्या हिशेबाने आधीच बांधून घ्यावा, कारण या कासवाला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे लागू शकतात आणि नव्या जागी जन्मलेल्या पिल्लांनी स्वतः प्रजनन करेपर्यंत ते तेथे वसले असे म्हणता येत नाही.