पोस्टग्रेस: एमडी5 वरून स्क्रॅमवर जाताना जुने क्लायंट बंद पडू नयेत म्हणून

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती 10 मध्ये (2017) एमडी5 या जुन्या पद्धतीच्या जोडीला पासवर्ड साठवण्याची आणि तपासण्याची स्क्रॅम ही नवी पद्धत आली आणि आवृत्ती 14 पासून नवे पासवर्ड आपोआप त्याच पद्धतीने साठवले जाऊ लागले. सर्व्हर नवा आणि ड्रायव्हर (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) जुना असला, की 'ऑथेंटिकेशन टाइप 10 इज नॉट सपोर्टेड' अशी एरर येते. हा 10 म्हणजे आवृत्ती नव्हे, सर्व्हरने मागितलेल्या लॉगिन-पद्धतीचा प्रोटोकॉलमधला कोड आहे. उपाय क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूला आहे.

म्हणून आधी क्लायंट अपडेट करा. लिबपीक्यू (पोस्टग्रेसची मूळ क्लायंट-लायब्ररी) किमान 10, जावासाठीचा जेडीबीसी ड्रायव्हर किमान 42.2.0 (जावा 8 सह), आणि क्लायंट व सर्व्हर यांच्या मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर असेल तर तो किमान 1.11. पायथनची लायब्ररी नवी असूनही तिच्या आतली लिबपीक्यू जुनी असू शकते, तीही तपासा. बॅकअपच्या स्क्रिप्ट हमखास राहून जातात.

मग सर्व्हरचे पासवर्ड_एन्क्रिप्शन हे सेटिंग स्क्रॅमवर आणा. एवढ्याने जुने पासवर्ड बदलत नाहीत. सर्व्हरकडे फक्त हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा कोड) असतो, त्यामुळे प्रत्येक युजरचा पासवर्ड पुन्हा सेट करावा लागतो. तोच जुना पासवर्ड दिला तरी चालतो, ॲप्लिकेशनला हात लावावा लागत नाही. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमची बॅकस्लॅश-पासवर्ड कमांड वापरा, म्हणजे खरा पासवर्ड लॉगमध्ये जाणार नाही. मात्र पीएसक्यूएल 10 च्या आधीचे असेल, तर ही कमांड एमडी5 हॅशच पाठवते. नंतर पीजी_ऑथआयडी या युजरांच्या सिस्टीम टेबलमधला रोलपासवर्ड कॉलम पाहा: 'एमडी5' ने सुरू होणारी प्रत्येक नोंद म्हणजे राहिलेला युजर.

तोवर पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोणी कुठल्या पद्धतीने लॉगिन करायचे ते ओळीओळीने ठरवणारी सर्व्हरची फाइल) 'एमडी5' तसेच राहू द्या. हॅश स्क्रॅमचा असेल तर या ओळीवरही सर्व्हर स्क्रॅमच वापरतो. उलट मात्र चालत नाही: ओळ स्क्रॅमची आणि हॅश एमडी5 चा असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. म्हणून ही फाइल सगळ्यात शेवटी बदला.

एखादा क्लायंट अपडेट होणारच नसेल, तर त्याच्या युजरचा हॅश एमडी5 च ठेवा आणि त्याची वेगळी ओळ सर्वसाधारण ओळींच्या वर लिहा, कारण जुळणारी पहिली ओळच लागू होते. ही सोय तात्पुरतीच समजा, आवृत्ती 18 ने एमडी5 पासवर्ड कालबाह्य ठरवले आहेत.

फाइल रीलोड केल्यावर चालू कनेक्शन तुटत नाहीत. पूलमधली (पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेली) जुनी कनेक्शन सुरळीत दिसतात आणि ॲप्लिकेशन रीस्टार्ट झाले की एरर उगवते. त्यामुळे सुपरयुजरचे एक सेशन उघडे ठेवून प्रत्येक ॲप्लिकेशनमधून नवे कनेक्शन लगेच जोडून पाहा.