कोकणातलं लोकज्ञान डिजिटल करताय? या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात असा प्रकल्प मंजूर झाला की पहिली धावपळ स्कॅनरच्या खरेदीची. घोळ मात्र होतात ते नोंदीत.

'शेवळांची भाजी, पारंपरिक कृती' असा व्हिडिओ चढवला, पण कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच आजींनी काकडं (काकड झाडाची फळं) टोपात टाकली होती. शेवळांची खाज त्या काकडांनीच मोडते. व्हिडिओ बघून भाजी करणाऱ्याचा घसा खाजणार, आणि शिव्या आजींना! चित्रण त्यांच्यासमोरच परत लावा, 'यात काय राहिलं?' असं विचारा. रानभाजी किंवा औषधी झाड असेल तर गावातलं नाव, शास्त्रीय नाव आणि पानाफुलांचे फोटो, तिन्ही हवं.

तारखेचंही तेच. दर्यावर जाणारा माणूस उधाण-भांगाच्या हिशेबात बोलतो: अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती). नोंदीत नुसती इंग्रजी तारीख ठेवली तर पुढच्या अभ्यासकाने पंचांग धुंडाळत बसायचं. डीस्पेसमध्ये (डिजिटल संग्रह ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तिथीसाठी वेगळा रकाना करून घ्या. ते जमेपर्यंत वर्णनात लिहा.

'घ्या शूटिंग' म्हणणाऱ्या वैदूने ते नेटवर टाकायची परवानगी दिलेली नसते. चित्रण, जतन आणि खुलं करणं या तिन्हींची संमती वेगवेगळी घ्या, कागद वाचून दाखवा. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. सीएसआयआरने (भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने) जुने दाखले पुढे केल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. म्हणजे नोंद हवीच, पण सरसकट खुली नको. काही फाइली फक्त ग्रंथालयात बसून पाहता येतील अशा ठेवल्या तरी चालतं.

तांत्रिक बाजू तशी सोपी. मूळ प्रत टिफ आणि वेव्हमध्ये, वाचकांसाठी जेपेग आणि एमपीथ्री. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधात काहीच सापडणार नाही. आपल्याकडच्या पावसात डीव्हीडीवर बुरशी धरते, तेव्हा एकमेव प्रत कपाटातल्या डीव्हीडीवर नको. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घाटावर.

मृगाआधी आणि दिवाळीनंतर चेकसम (फाइलवरून काढलेला, ती बिघडली की बदलणारा आकडा) तपासा. तो जुळला नाही तर घाईने बॅकअप चालवू नका. बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर चढते. आधी बाकीच्या दोन प्रती तपासा, मग जुळणाऱ्या प्रतीवरून नवी करा.