गेमिंगसाठी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? आधी या चुका टाळा

गेम ऐन मोक्याच्या वेळी अडखळतो, एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम) घसरतो, आणि कुठल्याशा व्हिडिओत कुणीतरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, दोन आकडे बदलून ‘फुकट परफॉर्मन्स’ मिळवून दाखवतो. मग हात शिवशिवणारच. प्रोसेसरला ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, हा नाद मला बरीच वर्षं आहे आणि आजही त्यात मजा येते. पण गेमिंगसाठी म्हणून कुणी विचारलं, तर माझं उत्तर आता बदललंय.

एके काळी यातून खरंच घसघशीत मिळायचं. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ला बसचा वेग (प्रोसेसर ज्याच्या पटीत चालतो ते मूळ घड्याळ) ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ दिला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, म्हणजे सरळ दीडपट. २०११ च्या कोअर आय५-२५००के चा टर्बो (आपोआप गाठायचा सर्वोच्च वेग) ३.७ गिगाहर्ट्‌झ होता आणि चांगला कूलर लावला की त्यातले बरेच नग ४.५ पर्यंत जायचे. ती शिल्लक कंपन्या आता स्वतःच वापरून टाकतात. इंटेलचा आय९-१४९००के खोक्यातून बाहेर येतो तोच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत जायची तयारी करून. एएमडीचा रायझनसुद्धा तापमान, करंट आणि वीज पाहून क्षणाक्षणाला आपला वेग ठरवतो. आपल्या हाताशी उरतात ते बहुतेक वेळा १००-२०० मेगाहर्ट्‌झ. पाच गिगाहर्ट्‌झवर ते दोन ते चार टक्के झाले.

प्रोसेसर अडतोय का, हे न बघताच सुरुवात करणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती बायोसमध्ये शिरण्याच्या आधीच होते.

प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही काम करतात, आणि ज्याला जास्त वेळ लागतो तो फ्रेमचा वेग ठरवतो. कार्डला एका फ्रेमला १६ मिलिसेकंद लागत असतील आणि प्रोसेसरचं काम ८ मध्येच उरकत असेल, तर प्रोसेसरचे ८ चे ७.७ करून पडद्यावर काहीच फरक पडणार नाही. ४के वर किंवा सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर खेळणाऱ्या बहुतेकांची स्थिती हीच असते.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. गेममध्ये जिथे एफपीएस पडतो ती नेमकी जागा शोधा आणि तिथे सेव्ह करा. एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा. आता रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १४४०पी वरून ७२०पी वर, आणि तीच जागा पुन्हा खेळा. एफपीएस उडी मारून वर गेला तर अडचण कार्डाची होती. ओव्हरक्लॉकिंगचा विषय तिथेच संपला. आकडा जागचा हलला नाही तर मात्र प्रोसेसर किंवा रॅम अडतेय.

इथे एक फसगत हमखास होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, ‘अजून भरपूर जागा आहे.’ पण १६ थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांच्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ६ टक्के. गेमचा मुख्य थ्रेड जीव तोडून पळत असतो आणि बाकीचे कोअर नुसते बसून असतात. म्हणून प्रोसेसरच्या टक्केवारीऐवजी ग्राफिक्स कार्डची टक्केवारी बघा. ती ९५ च्या वर असेल तर कार्डच अडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल आणि एफपीएसला कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर संशयाची सुई प्रोसेसरकडे वळते.

डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) लावून खेळत असाल तर हेही लक्षात घ्या की आतलं रिझोल्यूशन कमी झालेलं असतं, त्यामुळे ४के च्या मॉनिटरवरही प्रोसेसर आडवा येऊ शकतो. आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, गेम आधीच ९० एफपीएस देत असेल, तर वाढलेल्या फ्रेम तुम्हाला दिसणार तरी कुठे?

रॅम तशीच झोपलेली ठेवणं

३२०० ची डीडीआर४ रॅम विकत घेतलेली असते आणि वर्षानुवर्षं ती २१३३ किंवा २६६६ वर चालत असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कुणाचंही मशीन समोर आलं की आधी तेच तपासतो. खोक्यावर लिहिलेला वेग आपोआप लागत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डवर एक्सपो किंवा डीओसीपी ही रॅमला तिचा वेग लावणारी सेटिंग चालू करावी लागते. डीडीआर५ चंही तसंच आहे, ६००० ची रॅम न सांगता ४८०० च्या आसपास सुरू होते.

दुसरी गोष्ट, एकच स्टिक लावलेली असणं किंवा दोन असूनही चुकीच्या खाचांत असणं. चार खाचांच्या बोर्डवर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी वापरायची. बोर्डच्या पुस्तिकेत ते चित्रासकट दिलेलं असतं. जिथे प्रोसेसर खरोखर अडतोय अशा गेममध्ये ड्युअल चॅनल (दोन स्टिकांमधून एकदम डेटा येणं) आणि योग्य वेग यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा १०० मेगाहर्ट्‌झच्या ओव्हरक्लॉकने क्वचितच पडतो. कारण अशा वेळी प्रोसेसर बराचसा वेळ रॅमकडून डेटा येण्याची वाट बघण्यात घालवतो. नुसता क्लॉक वाढवला तर तो वाट बघायला लवकर पोहोचतो, इतकंच. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांना मोठी कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) लावल्यामुळे गेममध्ये फायदा होतो, तो याच कारणाने.

एक्सपो किंवा एक्सएमपी हेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे. चालू केल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली घ्या. रॅम पक्की असल्याची खात्री झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका, नाहीतर पुढे क्रॅश झाल्यावर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही.

आपला प्रोसेसर आणि बोर्ड कोणता, हे न पाहणं

इंटेलमध्ये मल्टिप्लायर (मूळ घड्याळाच्या किती पट वेग, हे ठरवणारा आकडा) वाढवायला नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडीत बहुतेक रायझन खुले असतात, पण ए५२० किंवा ए६२० सारख्या बोर्डवर ते खुलेपण वापरता येत नाही. ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर कंपनीने बंदच ठेवला होता, कारण कोअरच्या डोक्यावर चढवलेल्या कॅशला जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसत नाही. ९८००एक्स३डी मध्ये ती कॅश कोअरच्या खाली गेली आणि प्रोसेसर खुला झाला.

‘के’ नाही म्हणून बेस क्लॉक, म्हणजे ते मूळ घड्याळ, १०० मेगाहर्ट्‌झवरून वर ढकलण्याचा मोह आवरा. पुष्कळ बोर्डांवर त्याच घड्याळावर पीसीआय एक्सप्रेसही चालतं, म्हणजे तुमचं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीसुद्धा. गेमच्या दोन फ्रेमसाठी डिस्कवरचा डेटा पणाला लावण्यात अर्थ नाही.

सगळे कोअर एकाच वेगाला बांधणं

रायझनवर ही चूक फार होते. ५९५०एक्स घ्या. एक-दोन कोअरवर काम असलं की तो ४.९ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो. जुन्या सवयीने कुणी त्याचे सगळे कोअर ४.५ ला बांधतो, सिनेबेंच या चाचणीचा मल्टिकोअर आकडा वाढलेला पाहून खूश होतो, आणि गेममध्ये मुख्य थ्रेडचे ४०० मेगाहर्ट्‌झ गमावून बसतो. गेमसाठी रायझनवर पीबीओ (विजेच्या मर्यादा सैल करणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर हाच शहाणपणाचा रस्ता आहे. तिथे वेग बांधायचा नसतो, त्याच वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी करायचं असतं. मग उरलेल्या वावात प्रोसेसर आपण होऊन वर जातो.

पण तिथेही कुणाचं तरी बघून सगळ्या कोअरना थेट उणे ३० लावू नका. प्रत्येक चिप वेगळी असते आणि एकाच चिपमधले कोअरही सारखे नसतात. उणे १० पासून सुरुवात करा.

व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून वेग वाढवणं

बोर्डला क्रॅश नको असतो, म्हणून तो ऑटोवर गरजेपेक्षा जास्तच व्होल्टेज देतो. एका क्लिकमध्ये ओव्हरक्लॉक करणारी बटणंही हेच करतात. विजेचा हिशेब व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, हे विसरू नका. ५.० चे ५.२ गिगाहर्ट्‌झ केले आणि त्यासाठी १.२५ व्होल्टचे १.३५ लागले, तर वेग वाढला ४ टक्के आणि वीज साधारण २१ टक्के. गळतीची वीज यात धरलेलीच नाही. ही सगळी उष्णता कूलरला बाहेर काढायची आहे. तो कमी पडला की प्रोसेसर स्वतःला आवरतो, आणि गेममध्ये पूर्वीपेक्षाही कमी वेग मिळतो. स्वस्त बोर्डवर तर प्रोसेसरच्या आधी बोर्डचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तापून हात टेकतं.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती सावरायचं ती सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीला नेणं हाही त्यातलाच प्रकार. भार आल्यावर व्होल्टेज थोडं खाली बसणं हा दोष नाही. ते जबरदस्तीने सपाट केलं की भार सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरच्या आकड्यांत दिसतही नाही. मधली पायरी पुरते.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवाल्यांनी काहीही करण्याआधी बायोस अद्ययावत करावा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर कायमचे बिघडत होते आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) बदल दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. या बिघाडाचं एक लक्षण फार फसवं होतं. अन्‌रिअल इंजिनचे गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येऊन बंद पडायचे. कार्डाची मेमरी धडधाकट असायची, चुकत होता तो प्रोसेसर, डेटा उलगडताना. चांगल्या प्रोसेसरला जरा जास्त ओढलं तरी हेच लक्षण दिसू शकतं.

विंडोज उघडलं म्हणजे जमलं, असं समजणं

माझ्या एका मशीनवर ताण-चाचणी तासभर बिनबोभाट चालायची आणि गेम मात्र दर दोन-तीन दिवसांनी काही न सांगता डेस्कटॉपवर आणून सोडायचा. मी तीन आठवडे ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी प्रोसेसरचा मल्टिप्लायर एक पायरी खाली घेतला आणि सगळं थांबलं. तोपर्यंत एक सेव्ह फाइल कायमची गेली होती.

असं होतं, कारण प्रत्येक चाचणी वेगळा कोपरा तपासते. प्राइम९५ सारखी जड चाचणी उष्णता तपासते, पण एवढ्या ओझ्याखाली प्रोसेसर आपला सर्वोच्च वेग गाठतच नाही. तो गाठतो हलक्या कामात, एखाद्याच कोअरवर. म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त खेचलेलं मशीन रात्रभर ताण सोसतं आणि सकाळी नुसतं ब्राउझर उघडताना किंवा रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. एकेक कोअर आळीपाळीने तपासणारं कोअरसायकलर, बदलत्या भाराची ओसीसीटी, वाय-क्रंचर आणि मग तुमचा सर्वात जड गेम, असं सगळं करून बघा. गेम पहिल्यांदा उघडताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतात तेव्हा सगळे कोअर एकदम कामाला लागतात, तीही एक चांगली परीक्षा आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या नोंदी शोधा. मशीन बंद पडलं नसलं तरी हार्डवेअरने पकडलेल्या आणि दुरुस्त केलेल्या चुका तिथे दिसतात. तिथे नोंदी वाढत असतील तर ते सेटिंग ठेवू नका. आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षातला वेग) बघा. रायझनवर व्होल्टेज अपुरं पडलं की दिसणारा वेग तोच राहतो, प्रत्यक्षातला घटतो आणि एफपीएस कमी होतो. आकडा वाढला पण गेम मंदावला, तर कारण बहुधा हेच.

मशीन सुरूच होत नाही तेव्हा

घाबरू नका, आणि पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. डीडीआर५ च्या मशीनला सेटिंग बदलल्यावर रॅमचं ट्रेनिंग (वेग जुळवून घेणं) करायला कधी कधी काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. दहा मिनिटं थांबा. तरीही काही नाही, तर वीज पूर्ण काढा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी सीएमओएस (बायोसची सेटिंग्ज साठवणारी मेमरी) क्लिअर करा. जागा सापडत नसेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून परत बसवा. बायोस मूळ स्थितीत येतो. अशा वेळी एक्सएमपीसुद्धा बंद होतं, ते परत लावायला विसरतात लोक.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, व्होल्टेज आणि मल्टिप्लायर एकाच बैठकीत हलवले की दोष शोधायला आठवडा जातो.

मग करावं का? मॉनिटर १४४ हर्ट्‌झ किंवा त्याहून वेगवान आहे, कमी सेटिंग्जवर स्पर्धात्मक गेम किंवा मोठमोठे सिम्युलेशन खेळता, ७२०पी ची चाचणी प्रोसेसरकडेच बोट दाखवते, रॅम योग्य वेगाला आहे, कूलरमध्ये वाव आहे आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे मान्य आहे, तर जरूर करा. तेव्हाही सरासरी एफपीएस बघू नका, सगळ्यात खालचे एक टक्का फ्रेम बघा, कारण अडखळणं तिथे मोजलं जातं. तीच जागा बदलाआधी तीनदा आणि बदलानंतर तीनदा खेळून मोजा. फरक त्या तीन खेपांमधल्या आपापसातल्या फरकाएवढाच असेल तर मूळ सेटिंग परत लावा. जमलेली सेटिंग्ज कागदावर लिहून ठेवा, कारण बायोस अद्ययावत केला की साठवलेली प्रोफाइलं बहुतेक बोर्डांवर पुसली जातात.