सर्फबोर्डच्या फिन: दोन सुतांचा हिशेब

घरी बोर्ड बनवताना फोम इकडे-तिकडे सूतभर जास्त घासला गेला तरी चालून जातं, पाण्यात ते कळतही नाही. फिनचं, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूला उभ्या बसवलेल्या पात्यांचं, तसं नाही. पुढच्या दोन फिन अर्धा इंच मागे बसल्या की बोर्ड वळायला जड होतो. एका बाजूची फिन तिरकी बसली की बोर्ड सतत त्याच बाजूला ओढत राहतो. आणि त्या चिकटवायचं रेझिन एकदा घट्ट झालं की फिन कापून काढण्याखेरीज इलाज नाही. म्हणून नुसत्या खुणा करायला एक अख्खी दुपार राखून ठेवा.

खालची मापं इंच आणि सुतात आहेत. आपल्याकडच्या सुतारांचं सूत या कामाला अगदी चपखल बसतं: आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी.

आधी मांडणी ठरवा

पहिल्याच बोर्डाला स्वतःची मांडणी शोधू नका. सहा फुटांच्या आसपासचा बोर्ड असेल तर तीन फिनची थ्रस्टर मांडणी घ्या: पुढे दोन्ही कडांजवळ एकेक फिन आणि मागे मध्यावर एक. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा याच तीन फिनच्या बोर्डावर जिंकली आणि तेव्हापासून छोट्या बोर्डांची ही रूढ मांडणी झाली. तिचे आकडे इतक्या बोर्डांवर घासूनपुसून निघालेत की बोर्ड नीट चालला नाही, तर दोष कुठे शोधायचा हे तरी कळतं.

गोव्यात मोरजी-आश्वेसारख्या किनाऱ्यांवर पावसाळा सोडला तर लाट बहुतेक वेळा लहान आणि मऊ असते. तिथेच सर्फ करणार असाल तर नऊ फुटी लाँगबोर्ड आणि एकच मोठी फिन हा जास्त शहाणपणाचा पर्याय आहे. त्यासाठी साडेदहा इंच लांबीचा सेंटर बॉक्स, म्हणजे फिन बसवायची खाच असलेली पेटी, मिळतो. त्याची मागची कड टेलपासून, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकापासून, पाच ते सात इंचांवर ठेवा. फिनची उंची बोर्डाच्या दर फुटाला सुमारे एक इंच धरा. या बॉक्सात फिन पुढे-मागे सरकवता येते, त्यामुळे खुणेतली लहान चूक पाण्यात जाऊन सुधारता येते. पुढचं सगळं थ्रस्टरबद्दल आहे, कारण चुकायला जागा तिथेच जास्त आहे.

खुणा

एक नियम पक्का धरा: टेलपासूनचं अंतर कायम फिनची मागची धार जिथे बोर्डाला टेकते, त्या बिंदूपर्यंत मोजायचं. फिनच्या बुडाची लांबी प्रत्येक संचात वेगळी असते. पुढच्या धारेपासून मोजलं तर दुसऱ्याने दिलेले आकडे तुमच्या कामाचे राहत नाहीत.

बोर्ड पालथा, हलणार नाही असा ठेवा. मधली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, हीच मध्यरेषा. थर्माकोलच्या बोर्डाला स्ट्रिंगर नसेल तर नोजच्या, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या, टोकापासून टेलच्या मध्यापर्यंत लाइनदोरी ताणून रेषा काढा. टेल माशाच्या शेपटीसारखी दुभागलेली असेल तर दोन्ही टोकांवर सरळ पट्टी टेकवा आणि त्या पट्टीपासून मोजा, मधल्या खाचेपासून नाही. खुणा पेन्सिलीनेच करा, मार्करची शाई रेझिनमध्ये पसरते.

सहा फूट ते सहा फूट दोन इंच बोर्डासाठी आकडे असे. मागच्या फिनची मागची धार टेलपासून साडेतीन इंच (८९ मिमी). पुढच्या दोन फिनची सव्वाअकरा इंच (२८६ मिमी). पुढच्या फिन रेलच्या, म्हणजे बोर्डाच्या बाजूच्या, कडेपासून सव्वा इंच (३२ मिमी) आत. बोर्ड सात फुटांचा असेल तर मागची फिन सुमारे चार इंचांवर आणि पुढच्या साडेबाराच्या आसपास न्या.

स्ट्रिंगरवर सव्वाअकरा इंचांची खूण केली की गुण्या लावून तिथून दोन्ही रेलपर्यंत काटकोनात रेषा मारा. मग रेलच्या सर्वांत बाहेरच्या कडेला एक सरळ पट्टी उभी टेकवा आणि तिच्यापासून आत सव्वा इंच मोजा. रेलच्या गोलाईवरून टेप फिरवलात तर आकडा फसतो. आता हे दोन बिंदू स्ट्रिंगरपासून किती अंतरावर आहेत ते मोजा. घरच्या बोर्डाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतातच, दोन-तीन सुतांचा फरक सहज निघतो. अशा वेळी दोन्ही अंतरांची सरासरी काढा आणि दोन्हीकडे तीच ठेवा. फिन एकमेकींशी जुळलेल्या असणं जास्त महत्त्वाचं, रेलशी थोडं उणंअधिक झालं तरी चालेल.

आता टो-इन. पुढच्या फिन स्ट्रिंगरला समांतर बसत नाहीत, त्यांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असतात. बुडाची लांबी चार इंच तीन सूत (१११ मिमी) धरा. मागच्या बिंदूपासून नोजच्या दिशेने स्ट्रिंगरला समांतर तेवढी रेषा काढा, तिचं पुढचं टोक स्ट्रिंगरकडे दोन सूत सरकवा आणि तो बिंदू मागच्या बिंदूला जोडा. ही फिनची रेषा. पडताळा सोपा आहे: या रेषेवर दोरी धरून ती नोजपर्यंत ताणा. सहा फुटी बोर्डावर ती नोजच्या टोकापासून, त्याच बाजूला, दोन ते तीन इंचांवर पडली पाहिजे. डाव्या-उजव्या दोऱ्या सारख्याच अंतरावर पडायला हव्यात.

शेवटची तपासणी त्रिकोणाची. स्ट्रिंगरवर पुढे कुठेतरी एक बिंदू घ्या आणि तिथून दोन्ही फिनच्या पुढच्या आणि मागच्या टोकांपर्यंत मोजा. डावी-उजवी अंतरं एका मिलिमीटरच्या आत जुळली नाहीत तर सगळं पुसून पुन्हा करा.

आकडे हलवले तर

तिन्ही फिन मागे नेल्या की बोर्ड लाटेला धरून सरळ, स्थिर चालतो, पण वळायला अडतो. पुढे आणल्या की मोकळा होतो आणि मोठ्या लाटेवर टेल घसरते. पुढच्या आणि मागच्या फिनमधलं अंतर कमी केलं की बोर्ड जागच्या जागी वळतो, वाढवलं की वळण लांबतं आणि वेग टिकतो. टो-इन वाढवलं तर वळणात प्रतिसाद लवकर येतो, पण सरळ जाताना पाण्याचा अडथळा वाढतो. एका वेळी एकच आकडा हलवा, तोही दोन सुतांच्या पुढे नाही.

प्लायच्या फिन

फिन स्वतः करायच्या तर मरीन प्लाय घ्या, सहा ते नऊ मिमी. मागची फिन दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर असते. पुढच्या दोन फिनची आतली, स्ट्रिंगरकडची बाजू सपाट आणि बाहेरची फुगीर. सर्वांत जाड भाग पुढच्या धारेपासून बुडाच्या साधारण एक तृतीयांशावर यावा आणि तिथून मागच्या धारेपर्यंत हळूहळू उतरत जावा.

घासताना प्लायचे थर एकेक करून उघडे पडतात आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे फिकट-गडद पट्टे दिसू लागतात. हे पट्टे हीच तुमची मोजपट्टी. ते गुळगुळीत वळत असतील तर घासणं बरोबर चाललंय. एखादा पट्टा मध्येच फुगला असेल तर तिथे उंचवटा राहिलाय, आत चिमटला असेल तर खड्डा पडलाय. पुढच्या दोन फिन शेजारी ठेवा: पट्टे आरशातल्या प्रतिमेसारखे दिसले पाहिजेत. घाईत दोन्ही फिन एकाच बाजूच्या होतात, ही फार नेहमीची चूक आहे. म्हणून लाकूड कापल्याबरोबर सपाट बाजूवर ‘आत’ असं लिहून टाका.

चिकटवणं

बोर्डाचा फोम थर्माकोलचा असेल तर इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर रेझिनचा थेंब जरी त्याला लागला तरी तो विरघळतो. इपॉक्सीचं प्रमाण उत्पादकाने दिलंय तेच ठेवा, लवकर सुकावं म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) वाढवू नका. पॉलियुरेथेन फोमला पॉलिएस्टर चालतं. मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे ते रेझिन आणि फायबरचं कापड दोन्ही मिळतं. तिथे रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रव्य) आणि हार्डनर बहुधा वेगवेगळ्या बाटल्यांत देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळा, मगच हार्डनर घाला. उन्हाळ्यात १०० ग्रॅम रेझिनला एक ते दीड मिली हार्डनर पुरतो. हार्डनर डोळ्यांना फार घातक असतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका.

बोर्डावर कापडाचा थर चढून घट्ट झाला, पण वरचा गुळगुळीत थर अजून दिलेला नाही, ही फिन चिकटवायची वेळ. जागा खरखरीत कागदाने घासा, फिनची रेषा मात्र पुसू देऊ नका. बुडाला रेझिनचे चार-पाच थेंब लावून फिन उभी करा आणि मास्किंग टेपने दोन्हीकडून ताणून धरा.

इथे कँट बघायचा, म्हणजे फिनचं बाहेरच्या बाजूला झुकणं. मागची फिन काटकोनात, पुढच्या दोन्ही सहा अंश बाहेर. पुठ्ठ्याचा ८४ अंशांचा कोन कापा आणि बाहेरच्या बाजूने लावून बघा. बोर्डाचा तळ खोलगट असेल तर रेल ते रेल सरळ पट्टी टाकून तिच्यावरून कोन घ्या. फिन साडेचार इंच उंच असेल तर तिचं टोक बुडापेक्षा जवळजवळ अर्धा इंच बाहेर आलेलं दिसेल. रेझिन घट्ट होण्याआधी जागा, टो-इन आणि कँट ही तिन्ही मापं पुन्हा घ्या. या क्षणी फिन बोटाने हलते, दहा मिनिटांनी हलणार नाही.

ती पक्की झाली की फायबरच्या धाग्यांचा जुडगा रेझिनमध्ये भिजवून बुडाच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात बसवा. पुढे-मागे अर्धा-अर्धा इंच जास्त ठेवा. त्यावर २०० ग्रॅमच्या कापडाचे दोन-तीन तुकडे, आधी लहान, मग मोठे, शेवटचा फिन पूर्ण झाकून बोर्डावर दीड-दोन इंच येईल असा. कोपऱ्यातली हवा ब्रशने ठोकून बाहेर काढा. तिथे पांढुरका बुडबुडा राहिला तर पहिल्या आपटीला तडा तिथूनच जातो आणि पाणी आत शिरतं. रेझिन रबरासारखं झालं असताना जादा कापड ब्लेडने कापा, पूर्ण कडक झाल्यावर ते काम तासाभराचं होतं.

पाण्यात उतरल्यावर

बोर्ड वळत नाही अशी तक्रार असेल तर आधी मागचा पाय बघा. तो पुढच्या आणि मागच्या फिनच्या मधल्या पट्ट्यावर असायला हवा. पाय फार पुढे असेल तर फिन कितीही अचूक बसल्या असल्या तरी वळण येत नाही.

वेग वाढला की फिन गुणगुणत असेल तर मागची धार जाड किंवा बोथट राहिली आहे. बारीक कागदाने तिला एका बाजूने हलकासा उतार द्या, आवाज बहुधा थांबतो. मात्र धार एक मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका आणि कडा गोल ठेवा. पडल्यावर हीच धार मांडीत घुसते.

दर दोन-तीन वेळा पाण्यातून आल्यावर बुडाभोवती नखाने चाचपडा. केसासारखी चीर लागली तर बोर्ड दोन-तीन दिवस सावलीत, चीर खाली करून सुकवा आणि मगच रेझिन भरा. ओल्या फोमवर भरलं तर पाणी आतच राहतं आणि कापड सुटत जातं.