समुद्री वाटाणा: कुंडीत लावा, ताटात बेतानंच वाढा

इंग्लंडच्या पूर्वेला, सफोकच्या गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात जांभळ्या फुलांची एक वेल जमिनीसरपट पसरते. हा समुद्री वाटाणा, म्हणजे लॅथिरस जॅपोनिकस. १५५५ च्या दुष्काळात ऑर्फर्ड आणि ऑल्डबरोच्या बाजूची माणसं यावर तगली, अशी जुनी नोंद आहे. कॅनडा, जपान, नॉर्वे अशा थंड किनाऱ्यांवरही तो सापडतो. तिकडे राहणाऱ्यांनी लावून बघावा. कोकणातल्या उकाड्यात मात्र त्याची हौस धरू नये.

बी विकतच घ्या. ब्रिटनमध्ये जागामालकाच्या परवानगीशिवाय रानातलं रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पेरणी

१. बियांचं कवच फार टणक असतं. समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं तरंगूनही बी मरत नाही, मग तुमच्या कुंडीत ते लगेच कसं उघडेल? एका बाजूला सँडपेपरने हलकं घासा आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

२. मूळ खोल जातं, त्यामुळे कुंडी उंच हवी. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि खडी. खत नकोच, शेंगवर्गीय असल्याने नत्राची सोय ते स्वतःच करतं.

३. वसंतात बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर पेरा. भरपूर ऊन द्या, पाणी माती सुकल्यावरच. मीठ घालायची गरज नाही. वेल खारं वारं सोसते, पण मिठावाचून तिचं काही अडत नाही.

पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तर धीर धरा. हिवाळ्यात वेल वरून वाळते. मेली समजून कुंडी रिकामी करू नका, ती वसंतात मुळापासून पुन्हा फुटते.

खाण्याआधी

बागेतल्या सुवासिक स्वीट पीशी गल्लत नको, तो विषारी आहे. त्याच्या खोडाला पंखासारख्या कडा असतात आणि पानाला पर्णिकांची, म्हणजे पानातल्या छोट्या पानांची, एकच जोडी. समुद्री वाटाण्याचं पान निळसर हिरवं आणि मांसल, त्यावर पर्णिकांच्या बऱ्याच जोड्या, आणि खोडाला पंख नाहीत.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको: हा लाखेच्या डाळीचाच भाऊबंद. लाख महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडण्याचा आजार होतो. तेव्हा समुद्री वाटाणाही अधूनमधून, वाटीभरच खावा. रोजच्या आमटीत नको.

कोवळ्या हिरव्या शेंगा सोलून दाणे भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. मग मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, ओलं खोबरं, चिमूटभर गूळ. दाणा बारीक आणि किंचित कडसर असतो, म्हणून गूळ विसरू नका. जून दाणे खाण्यात मजा नाही, ते पुढच्या पेरणीसाठी वाळवून ठेवा.