पाच-सहा वर्षांच्या मुलांचा ऑनलाइन वर्ग कसा घ्यावा

एका वेळी ५-६ मुलंच घ्या आणि वर्ग २० मिनिटांत आटपा. मुलं जास्त झाली की आपली पाळी येईपर्यंत बाकीची उठून जातात. कागद, जाड खडू, १० बटणं हे साहित्य आदल्या दिवशीच कळवा, नाहीतर शोधाशोधीतच वेळ जातो.

अक्षर गिरवताना तुमचा चेहरा नको, हात दिसू द्या. पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवा, कॅमेऱ्याची बाजू काठाबाहेर काढा, दुसऱ्या टोकावर वजन ठेवा आणि कागद खाली सरकवा. अक्षर सुलट दिसतंय ना, हे दुसऱ्या फोनवरून आधी पाहाच.

गाणं सगळ्यांना एकदम म्हणायला लावू नका. प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त उशिरा पोहोचतो, ताल विस्कटतो. माइक एकाचाच सुरू, बाकीच्यांनी टाळ्या.

“समजलं का?” हा प्रश्न निरुपयोगी, लहान मूल हो म्हणतंच. “चार बटणं दाखव बरं” म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजून थांबा. शेजारी बसलेले आई-बाबा हमखास उत्तर पुटपुटतात. त्यांना आधीच प्रेमाने सांगा, की चुकलेलं उत्तर आम्हाला हवंच असतं, मूल कुठे अडलंय ते त्यातूनच दिसतं.