मार्चमधलं चोपता: बर्फ फोटोतही पांढरंच दिसावं म्हणून

मार्चअखेर उत्तराखंडच्या गढवालमधल्या चोपत्याला एकाच चौकटीत दोन ऋतू सापडतात. रस्त्यालगत बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लालभडक फुललेला, आणि वर तुंगनाथ मंदिराच्या वाटेवर अजून बर्फ. डोळ्यांना दिसतं ते अप्रतिम. फोटोत मात्र बर्फ राखाडी आणि झाडं काळीठिक्कर येतात.

कारण सोपं आहे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. बर्फ जास्त दिसलं की उजेड फार झाला असं समजून तो फोटो अंधारा करतो. म्हणून सर्वांत आधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायची सोय) +१ वर न्या. चौकटीत जवळजवळ सगळं उन्हातलं बर्फच असेल तर +१.७ पर्यंत चढवा, निम्मी चौकट झाडांनी भरली असेल तर +०.३ पुरतं. मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. आलेख उजव्या कडेजवळ हवा, कडेला आपटलेला नको. लख्ख उन्हात स्क्रीनवरच्या चित्रावर भिस्त ठेवूच नका, तिथे सगळंच अंधारं दिसतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. मोबाइल असेल तर बर्फावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा.

उजाडण्याआधीच जागेवर पोहोचा. चौखंबा शिखर (७,१३८ मीटर) इथून उत्तरेकडे दिसतो, त्यामुळे सकाळचं ऊन त्यावर बाजूने पडतं आणि एकेक धार उठून दिसते. रात्री गोठलेलं बर्फ तेव्हा कडक असल्याने चालणंही सोपं जातं. दुपारकडे बऱ्याचदा ढग जमतात. देवरियाताल या तळ्याच्या पाण्यात चौखंबाचं प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटायच्या आत तिथे हवं. सावलीतलं बर्फ निळसर येईल, कारण तिथे उजेड फक्त आकाशाचा असतो. ती निळाई पुसू नका, थंडी तिच्यातूनच कळते.

ढगाळ दिवस जंगलासाठी राखून ठेवा. कडक उन्हातल्या ठिपक्याठिपक्यांच्या सावल्या तेव्हा नसतात. खोडांच्या बुंध्याभोवतीचं बर्फ आधी वितळतं, कारण काळपट साल ऊन शोषून तापते. प्रत्येक झाडाभोवती पाचोळ्याचं तपकिरी कडं तयार झालेलं दिसेल. मला या दिवसांतलं सर्वांत बोलकं दृश्य हेच वाटतं. ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने चारपाच खोडं आणि त्यांची कडी एवढंच घ्या, आकाश वगळा. बर्फावर बुरांसचं फूल गळून पडलेलं दिसलं तर गुडघे टेकून एफ/८ या अपर्चरवर (लेन्सच्या छिद्राच्या मापावर) टिपा. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर पानांवरची चकाकी घालवतो, पण उंचावर आकाश फार काळपट करतो. वाइड लेन्सवर तर आकाशाची एकच बाजू गडद होते.

बर्फ पडत असेल तर १/५०० सेकंदाला कण सुटे दिसतात, १/६० ला रेघा उमटतात.

चौकट ठरेपर्यंत समोरच्या कोऱ्या बर्फात पाय टाकू नका, उमटलेले ठसे नंतर निघत नाहीत. तुंगनाथ (सुमारे ३,६८० मीटर) आणि त्यापुढच्या चंद्रशिला शिखराकडे स्थानिक वाटाड्या घेऊनच जा. मंदिर तेव्हा बंद असतं. उतारावरच्या बर्फावर फोटोसाठी वाट सोडून एक पाऊलही टाकू नका.

जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. थंडीत त्या भराभर उतरतात. परतल्यावर उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि तासदोनतास तशीच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.